‘कसंतरीच होतंय’ म्हणजे नेमकं कसं?

ना धड भीती, ना धड दुखणं. रोजच्या बोलण्यातला हा शब्द कधी भुताखेतांच्या नावावर जमा होतो, तर कधी ‘काही नाही, मनाचे खेळ!’ म्हणून उडवून लावला जातो. पण याच एका शब्दाकडे नीट कान दिला, तर कुणाचा तरी जीवही वाचू शकतो.

भाड्याचं घर बघायला गेलेलं जोडपं जिना उतरून खाली येतं. भाडं परवडणारं, स्टेशन दहा मिनिटांवर, पाण्याची ददात नाही. तरी बायको म्हणते, ‘नको हे घर. आत कसंतरीच वाटत होतं.’ लग्नाच्या पंगतीत बसलेले आजोबा अर्ध्या जेवणावरून उठतात, ‘मला कसंतरीच होतंय.’ कॉलेजातून आलेली मुलगी दप्तर टाकत आईला सांगते, ‘बस स्टॉपवर एक माणूस कसातरीच बघत होता.’

तीन माणसं, तीन प्रसंग, शब्द मात्र एकच. घरात काय खटकलं, आजोबांना काय होत होतं, तो माणूस नेमका कसा बघत होता, यातलं काहीच या शब्दातून कळत नाही. आणि तरीही ऐकणाऱ्याच्या काळजात चर्र होतं! माहिती शून्य, पण इशारा पुरेपूर. असा शब्द भाषेत घडला तरी कसा?

एका ‘च’ची करामत

‘कसं’ हा साधा प्रश्न. त्याला ‘तरी’ जोडलं की ‘कसंतरी’ होतं. ‘कसंतरी करून हप्ता भरला’, ‘पाहुणे गेले आणि कसंतरी जेवण उरकलं’, अशा वाक्यांत ओढाताण आहे, घाई आहे, पण विचित्र असं काही नाही. आता त्यालाच शेवटी एक ‘च’ लावून बघा. ‘कसंतरीच वाटलं.’ एका अक्षरानं सगळा नूर पालटला. ओढाताण गेली आणि अंगावर शहारा आला.

मराठीत ‘च’ लावतात तो खात्री देण्यासाठी. ‘आजच येतो’, ‘तूच म्हणालास’, ‘हेच ते घर’. ‘कसंतरीच’मध्ये मात्र गंमत अशी, की खात्री दिली जाते ती न कळण्याची! काय आहे ते सांगता येत नाही, पण काहीतरी आहे हे नक्की. या शब्दाचा सगळा अर्थ या एका वाक्यात येतो.

शाळेच्या व्याकरणात क्रियाविशेषण अव्यय शिकवतात आणि अव्यय कधी बदलत नाही असंही सांगतात. हा शब्द क्रियाविशेषणाचं काम करतो खरा, पण तो नियम काही पाळत नाही. तो कसातरीच हसला, ती कशीतरीच हसली, बाळ कसंतरीच रडलं. माणूस बदलला की शब्दही बदलतो. पण जिथं करणारा कुणी नसतो आणि नुसतं ‘होतं’ किंवा ‘वाटतं’, तिथं तो नेहमी ‘कसंतरीच’ असतो. मग म्हणणारा पुरुष असो की बाई, म्हातारा असो की मूल.

त्याचे भाऊबंद पाहिले तर त्याचं वेगळेपण आणखी कळतं. ‘भेसूर’ असतो तो आवाज किंवा चेहरा. ‘भयाण’ असते ती शांतता किंवा रात्र. ‘भकास’ असतं ते माळरान किंवा ओसाड वाडा. ‘चमत्कारिक’ असतो तो माणूस किंवा त्याचा स्वभाव. ‘कसनुसं’ हसतो तो ओशाळलेला माणूस. हे बहुतेक शब्द समोरच्या गोष्टीवर शिक्का मारतात. ‘कसंतरीच वाटतंय’ म्हणणारा मात्र कुणावर शिक्का मारत नाही. तो फक्त स्वतःची खबर देतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत. त्यात भयानक आहे, अद्भुत आहे, बीभत्सही आहे. पण ‘कसंतरीच’ यातल्या कुठल्याही एकात पुरतं बसत नाही. वाघ समोर आला तर भीती वाटते, जादूगारानं पेटीतून कबुतर काढलं तर नवल वाटतं. आणि रिकाम्या घरातला पाळणा वाऱ्याशिवाय हलताना दिसला तर? भीती म्हणावी तर धोका दिसत नाही, नवल म्हणावं तर टाळी वाजवावीशी वाटत नाही. दोन्हींच्या मधल्या या जागेलाच मराठी माणूस ‘कसंतरीच’ म्हणतो.

सगळ्या देशाला ‘कसंतरीच’ होतं

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. शेजाऱ्यांची भाषा वेगळी, लिपी वेगळी, पण ही अवस्था सांगण्याची रीत मात्र थेट आपल्यासारखी! बंगाली माणूस ‘केमोन जेनो लागछे’ म्हणतो, म्हणजे ‘कसं कुणास ठाऊक वाटतंय’. तमिळमध्ये ‘ओरु मादिरिया इरुक्कु’ म्हणतात, म्हणजे ‘एका तऱ्हेचं होतंय’. कानडीत ‘ओंथरा आगतिदे’चा अर्थही तोच. तेलुगूत ‘एदोला उंदि’, तर हिंदीत ‘मन जाने कैसा-कैसा हो रहा है’. द्राविडी असो वा आर्य कुळातली, प्रत्येक भाषेनं इथं नेमका शब्द देण्याचं टाळलंय. ‘कसं’, ‘एका तऱ्हेचं’, ‘काहीतरी’, एवढ्यावरच थांबून जागा रिकामी ठेवली आहे.

इंग्रजीची वाट वेगळी. तिथं अशा वेळी ‘ईरिली’ हे क्रियाविशेषण वापरतात. ‘घर ईरिली शांत होतं’ म्हणजे अशी शांतता, की अंगावर काटा यावा. ज्या ‘ईरी’ शब्दापासून ते झालं, तो उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडकडचा. स्कॉटलंडचा लाडका कवी रॉबर्ट बर्न्स याच्या अठराव्या शतकातल्या कवितांतही तो भेटतो. या शब्दाचा जुना अर्थ मात्र वाचण्यासारखा आहे. तो होता ‘भित्रा’, ‘घाबरलेला’. म्हणजे आधी माणूस ‘ईरी’ असायचा. पुढं तोच शब्द माणसाला सोडून जागेला चिकटला. घाबरत होता माणूस, नाव पडलं जागेचं!

आपल्याकडेही असंच घडतं, फक्त शब्दात नव्हे तर वागण्यात. एखाद्या सुनेला नव्या घरात कसंतरीच वाटतं. आठ दिवसांत ‘त्या घरात काहीतरी आहे’ अशी कुजबुज सुरू होते आणि महिन्याभरात त्या घराचा लौकिक चाळभर होतो. वाटणं माणसाचं होतं, डाग घराला लागला.

घर खायला उठतं तेव्हा...

मनाच्या या अवस्थेचा अभ्यास करावा असं सुचलं ते जर्मन भाषेत विचार करणाऱ्या डॉक्टरांना. एर्न्स्ट येंच या मानसोपचारतज्ज्ञानं १९०६ साली यावर लेख लिहिला. मेणाचे पुतळे, आपोआप हलणाऱ्या बाहुल्या यांच्यासमोर माणूस का बिचकतो? येंचचं उत्तर असं, की समोरची वस्तू जिवंत की निर्जीव, याचा निवाडा मनाला करता येत नाही. मन अधांतरी लटकतं आणि ते लटकणंच त्रास देतं.

पुढे १९१९ साली सिग्मंड फ्रॉइडनं याच विषयावर गाजलेला निबंध लिहिला. त्याचं नाव ‘दास उनहाइमलिशे’. ‘हाइम’ म्हणजे घर. ‘हाइमलिश’ म्हणजे घरगुती, आपलंसं, पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ गुप्त, दडवलेलं. फ्रॉइडनं दाखवून दिलं, की आपल्याला खरं बिचकवतं ते परकं नसतं. एकेकाळी ओळखीचं असलेलं, मनानं तळघरात ढकललेलं काहीतरी अचानक वर येतं, तेव्हा माणूस दचकतो.

त्यानं स्वतःचाच एक किस्सा निबंधात दिला आहे. तो रेल्वेच्या डब्यात एकटाच बसला होता. गाडीला हिसका बसला, शेजारचं दार उघडलं आणि ड्रेसिंग गाऊन घातलेला एक म्हातारा डब्यात शिरताना दिसला. डबा चुकला असेल असं वाटून फ्रॉइड सांगायला उठला, तर तो म्हातारा म्हणजे दाराच्या आरशातलं त्याचंच प्रतिबिंब! तो म्हातारा त्याला मुळीच आवडला नव्हता, असं त्यानं प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय.

मराठी माणसाला हे समजायला जर्मन शिकायची गरज नाही. ‘घर खायला उठतं’ हा वाक्प्रचार आपल्या आजीपणजीपासून चालत आलाय. जंगल खायला उठत नाही, परकं गाव खायला उठत नाही. उठतं ते आपलंच घर. मुलगी सासरी गेल्यावर, घरातलं कर्तं माणूस गेल्यावर, त्याच भिंती, तीच खुर्ची, तोच खुंटीवरचा सदरा. काहीच बदललेलं नसतं आणि तरी सगळं बदललेलं असतं. रत्नाकर मतकरी आणि नारायण धारप यांच्या कथांनी मराठी वाचकांच्या पिढ्यांना रात्री दिवा मालवू दिला नाही, त्याचं एक कारण हेच. स्मशान लांब असतं. माडीवर जाणारा जिना मात्र आपल्याच घरातला असतो.

माणसासारखं, पण माणूस नव्हे

येंचनं सांगितलेली बाहुलीची गोष्ट १९७० साली जपानमध्ये पुन्हा वर आली. यंत्रमानवांवर काम करणारे प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी एक साधं निरीक्षण मांडलं. यंत्र थोडंसं माणसासारखं दिसलं की लोकांना ते आवडतं. साम्य वाढेल तशी आवडही वाढते. पण साम्य जवळजवळ पूर्ण झालं आणि किंचितच कमी पडलं, तर आवड एकदम कोसळते आणि अंगावर काटा येतो. या घसरणीला मोरींनी ‘बुकिमी नो तानी’ म्हणजे अस्वस्थ करणारी दरी असं नाव दिलं. त्यांनी कृत्रिम हाताचं उदाहरण घेतलं. दिसायला तो अगदी खऱ्यासारखा. पण हस्तांदोलन करावं तर थंडगार, हाडामांसाची ऊब नाही. हात झटकन मागे येतो.

साड्यांच्या दुकानातला डोळे वटारलेला पुतळा लहान मुलांना का नकोसा होतो आणि चिंध्यांची, बटणाच्या डोळ्यांची बाहुली मात्र कुशीत का लागते, याचं उत्तर या दरीत आहे. चिंध्यांची बाहुली माणूस असल्याचा आव आणत नाही. पुतळा आणतो.

आज हा प्रश्न दुकानापुरता राहिलेला नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेले चेहरे आणि आवाज घराघरातल्या मोबाइलवर पोचले आहेत. ‘बाबा, मी अडकलोय, लगेच पैसे पाठवा’ असा मुलाच्याच आवाजातला फोन येतो आणि ऐकताना कसंतरीच वाटतं. शब्द त्याचेच, पण लकब त्याची नाही, श्वास घेण्याची जागा चुकलेली. असं वाटलं तर त्या वाटण्याचा मान राखावा. फोन ठेवून मुलाच्या नेहमीच्या नंबरावर उलटा फोन लावावा. अर्थात काहीच खटकलं नाही म्हणून आवाज खरा, असंही नव्हे. नकला आता पुष्कळ सफाईदार झाल्या आहेत. तेव्हा पैशाची मागणी आली की उलट फोन हा करायचाच.

ओळखीच्या गोष्टीचं परकं होणं घरबसल्या अनुभवायचं असेल तर एक खेळ करून बघा. कागद घ्या आणि ‘दार’ हा शब्द भराभर लिहीत सुटा. वीस, तीस, चाळीस वेळा. बहुतेकांना थोड्या वेळानं तो शब्द कसातरीच दिसू लागतो. हा खरंच शब्द आहे का, असा संशय येतो! ख्रिस मौलिन, अकिरा ओकॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांकडून इंग्रजी शब्दांवर हाच प्रयोग करून घेतला. त्यात सुमारे ७० टक्के विद्यार्थी निदान एकदा तरी विचित्र वाटू लागल्यामुळे थांबले. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी दिलं जाणारं ‘इग नोबेल’ पारितोषिक त्यांना २०२३ साली मिळालं. शब्द तोच, कागद तोच. परका झाला तो आपल्याच मेंदूत.

झपाटलेलं घर आणि बिघडलेली भट्टी

इथवर वाचून कुणाला वाटेल, की चला, म्हणजे सगळे मनाचेच खेळ! तसंही नाही. अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ विल्यम विल्मर यांनी १९२१ साली एका वैद्यकीय नियतकालिकात एका कुटुंबाची हकिगत छापली. या कुटुंबानं १९१२ साली एक जुनं मोठं घर घेतलं. राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांत घरात उदासी पसरली. डोकी दुखू लागली, मुलं फिकट पडली. रात्री पावलं वाजायची, कुणीतरी पाळतीवर असल्यासारखं वाटायचं. घर झपाटलेलं, याविषयी शंकाच उरली नाही. शेवटी घर गरम ठेवणारी भट्टी तपासली, तेव्हा ती बिघडलेली निघाली. धुराड्यातून बाहेर जायचा वायू खोल्यांत पसरत होता. भूत नव्हतं, कार्बन मोनॉक्साइड होता!

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातली प्राणवायूची जागा तो बळकावतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं, मग विचार गोंधळतात. अशा वेळी माणूस काय म्हणतो? ‘कसंतरीच होतंय’ एवढंच. आपल्याकडे अशा भट्ट्या नसतात, पण बंद न्हाणीघरातला गॅस गिझर असतो. उत्तरेकडे थंडीत दारंखिडक्या लावून खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडी असते. दर हिवाळ्यात यामुळे माणसं दगावल्याच्या बातम्या वाचायला मिळतात. न्हाणीघरातून कुणी असं म्हणत बाहेर आलं, तर आधी गिझर बंद करा, दारंखिडक्या सताड उघडा आणि माणसाला मोकळ्या हवेत आणून डॉक्टरांकडे न्या. आत असतानाच हाकेला ओ मिळेनाशी झाली तर दार फोडायला मागेपुढे पाहू नका.

रात्रीच्या अनुभवांचंही तसंच. मध्यरात्री जाग येते, डोळे उघडे असतात, पण हातपाय हलत नाहीत. छातीवर कुणीतरी बसलंय, कोपऱ्यात कुणीतरी उभं आहे असं वाटतं. न्यूफाउंडलंडमध्ये लोक त्याला म्हातारी चेटकीण म्हणत आले, जपानमध्ये ‘कानाशिबारी’ म्हणतात, आपल्याकडे छातीवर भूत बसलं म्हणतात. प्रकार एकच. आपण स्वप्न पाहत असतो तेव्हा मेंदू शरीराचे स्नायू सैल सोडतो, नाहीतर स्वप्नात धावताना आपण खरोखरच पलंगावरून पडू. कधीकधी मन जागं होतं आणि शरीर मात्र त्याच अवस्थेत राहतं. स्वप्नाचे तुकडे जागेपणात मिसळतात. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. जागरणं, अनियमित झोप आणि पाठीवर उताणं झोपणं यांमुळे हा त्रास वाढतो. वारंवार होऊ लागला तर डॉक्टरांना सांगावं, अंगारा लावून घेऊ नये.

‘हा माझा मुलगा नव्हे!’

कुटुंबाला सगळ्यात जास्त हादरवणारा प्रकार वेगळाच. घरातल्या वृद्ध आई एके दिवशी मुलाकडे बघत म्हणतात, ‘हा माझा मुलगा नव्हे. त्याच्यासारखा दिसणारा कुणीतरी आहे.’ चेहरा ओळखतात, आवाज ओळखतात, पण आपला मानत नाहीत. फ्रेंच मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ कॅपग्रा यांनी एका सहकाऱ्यासह १९२३ साली अशा रुग्णाचं वर्णन केलं, तेव्हापासून या भ्रमाला त्यांचं नाव मिळालं. काही मानसिक आजारांत, मेंदूला मार लागल्यावर आणि स्मृतिभ्रंशात तो दिसतो.

असं का होतं, याचा एक खुलासा असा. चेहरा ओळखणं आणि तो पाहून मायेचा उमाळा येणं ही मेंदूतली दोन वेगळी कामं आहेत. पहिलं चालू राहिलं आणि दुसरं तुटलं, तर समोर हुबेहूब मुलगा दिसतो, पण आतून काहीच हलत नाही. मग मन त्या रिकाम्या जागेला उत्तर शोधतं की हा तोतया असणार! मूळचे तमिळनाडूचे असलेले मेंदूतज्ज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी हा विषय आपल्या पुस्तकातून सामान्य वाचकांपर्यंत पोचवला.

अशा आईशी वाद घालून, जन्मदाखला दाखवून उपयोग होत नाही. त्यांना समोर दिसतंय ते खोटं पाडू नका, पण त्यात भरही घालू नका. शांतपणे धीर द्या. कधीकधी शेजारच्या खोलीतून नुसता आवाज दिला तरी ओळख पटते. आणि मेंदूविकार किंवा मानसोपचार तज्ज्ञांना लवकर दाखवा. यात ना आईचा दोष, ना मुलाच्या मायेत काही उणं.

जेव्हा शरीर बोलतं

आता पुन्हा पंगतीतून उठलेल्या आजोबांसारख्यांचा विचार करू. कारण ‘कसंतरीच होतंय’ हे वाक्य मराठी घरांत भुताबिताविषयी क्वचित आणि तब्येतीविषयी रोज बोललं जातं. हृदयविकाराचा झटका म्हणजे सिनेमातल्यासारखा छाती धरून कोसळणारा माणूस, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात बायका, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो. दरदरून घाम, धाप, मळमळ, जबड्यात, पाठीत किंवा हातात दुखणं, अचानक आलेला विलक्षण थकवा. आणि ‘आता काहीतरी वाईट होणार’ अशी आतून येणारी भावना. वैद्यकशास्त्र या भावनेला अंधश्रद्धा मानत नाही, लक्षण मानतं.

मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर एकदम उतरली, तर थरथर, घाम आणि गोंधळ सुरू होतो. तोही म्हणतो, ‘कसंतरीच होतंय.’ २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर आहे. म्हणजे हा शब्द किती घरांत ऐकू येत असेल! शुद्धीवर असेल तर त्याला लगेच साखर किंवा गोड सरबत द्यावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, थेट इस्पितळ गाठावं.

खेड्यापाड्यात, पावसाळ्याच्या दिवसांत याचा आणखी एक भयंकर अर्थ असू शकतो. मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. त्याचा दंश फारसा दुखत नाही, खूणही कित्येकदा दिसत नाही. पहाटे माणूस उठतो तो पोट दुखतंय, उलटी होतेय, कसंतरीच होतंय असं म्हणत. मग पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणं अडखळतं आणि शेवटी श्वास बंद पडतो. घरचे म्हणतात अपचन, शेजारी म्हणतात बाहेरची बाधा आणि मांत्रिकाकडे नेण्यात मोलाचे तास जातात. खरं औषध इस्पितळातच असतं, सापाच्या विषावरची लस आणि गरज पडली तर कृत्रिम श्वास. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानं साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला डॉक्टरांकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरवला आहे. ज्यांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झुंज दिली, त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली.

उत्तराची घाई नको

मराठीनं या शब्दात जागा रिकामी ठेवली आहे, ती उगाच नव्हे. सांगणाऱ्याला खरोखरच माहीत नसतं, म्हणून तो ‘कसंतरीच’ म्हणतो. घोळ होतो तो ऐकणाऱ्याचा. एकजण त्या जागेत भूत बसवतो, दुसरा ‘तुझं आपलं काहीतरीच!’ म्हणून ती बुजवून टाकतो. ‘कसंतरीच’ला ‘काहीतरीच’नं उत्तर मिळालं की सांगणारा पुन्हा तोंड उघडत नाही. घरातल्या कित्येक बायका तर ‘उगाच कशाला सगळ्यांची झोपमोड’ म्हणून आधीच गप्प बसतात.

त्यापेक्षा शेजारी बसून एवढंच विचारावं, ‘कसंतरीच म्हणजे कसं?’ कधीपासून? कुठे? घाम येतोय का? श्वास लागतोय का? हात दोन्ही नीट उचलता येतात का? सकाळपासून काय खाल्लं, गोळी घेतली का? मुलीनं सांगितलं असेल तर तो माणूस रोज तिथं असतो का, मागे आला का? दोन-चार प्रश्नांत रिकामी जागा भरू लागते. कधी निघतं नुसतं जागरण, कधी उपासाचं पित्त. कधी गेलेल्या माणसाची आठवण निघते आणि डोळे भरून येतात. घाम, धाप, बोबडी वळणं, तोंड वाकडं होणं, ग्लानी यांतलं काही दिसलं, तर मात्र सकाळची वाट न बघता १०८ किंवा ११२ क्रमांक फिरवावा. अंगाला काही नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तरी दिवसेंदिवस कसंतरीच वाटत राहिलं, तर मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ सालापासून १४४१६ या क्रमांकावर मिळते.

आणि भाड्याच्या घराचं म्हणाल, तर नको म्हणायचा हक्क बायकोला आहेच. पण नको म्हणण्याआधी एकदा खिडक्या उघडून बघाव्यात, भिंतीला ओल आहे का, हवा खेळते का, गिझर कुठे लावलाय, हे तपासावं. घराविषयी चाळीत काही बोलायचंच झालं, तर ते त्यानंतर.